दलाचा सैनिक आणि घरातला नवरा

नागपूरची १९४२ ची परिषद म्हटली की आपल्या पोरांच्या तोंडी एकच गोष्ट येते, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना. बरोबरच आहे. पण १८ ते २० जुलैच्या त्या तीन दिवसांत त्याच नागपुरात आणखी दोन सभा झाल्या. एक समता सैनिक दलाची. दुसरी बायांची. बायांच्या सभेच्या अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे आणि वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. दोन्ही ठिकाणी बाबासाहेब बोलले. आपण मात्र ही दोन भाषणं वेगवेगळ्या कपाटांत ठेवून दिली. दलाचं भाषण पोरं वाचतात. बायांचं भाषण २५ डिसेंबरला नाहीतर ८ मार्चला बाया वाचतात, तेव्हा पोरं सतरंज्या घालतात आणि चहा प्यायला बाहेर जातात.

दोन्ही एका जागी बसून वाचा. बायांना बाबासाहेब सांगतात, पोरांच्या लग्नाची घाई करू नका, लग्न म्हणजे जबाबदारी आहे. घरात पोरांचं लेंढार करणं हा गुन्हा समजा. आणि लग्न झालं तर नवऱ्यापुढं ताठ उभ्या राहा, त्याची मैत्रीण व्हा, बरोबरीनं वागा, त्याची दासी होऊ नका. त्या परिषदेनं ठरावही केले. घटस्फोटाचा हक्क द्या. एका पुरुषानं दोन-दोन बायका करण्यावर बंदी घाला. कामगार बायांना पगारी रजा द्या. १९४२ साली, पहिल्या पिढीच्या शिकलेल्या बायांनी मांडलेले ठराव आहेत हे.

दलाच्या पोरांना ते सांगतात ते असं : अहिंसा वेगळी आणि लाचारी वेगळी. अन्यायापुढं मान वाकवणं म्हणजे काही अहिंसा नव्हे. ताकद पाहिजेच. पण शील नसलेली ताकद नको.

आता दोस्तहो, हिशोब मांडा. जिला सांगितलं की नवऱ्याची दासी होऊ नको, तिचा नवरा कोण होता? बऱ्याच जणींचा नवरा बाहेर मैदानात कवायत करणारा तोच सैनिक होता की! एकाच घरातल्या दोघांना सांगितलेली ही एकच गोष्ट आहे. बाईला सांगितलं ताठ राहा, बाप्याला सांगितलं शील राख. आपण तिचा अर्धा भाग उचलला, लाठीचा. शीलाचा अर्थ भाषणापुरता ठेवला.

आपल्याकडं मर्दपणाची कल्पना आली कुठून ते बघायला थोडं मागं जाऊ.

गावकीनं महाराच्या गड्याला मर्द कधी मानलंच नाही. येसकराच्या हातात काठी होती, पण ती गावाच्या कामासाठी. मान खाली घालून जोहार मायबाप म्हणायचं. साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला पाटलाचं शेंबडं पोर अरे-तुरे करणार. नवरदेव घोड्यावर बसला तर दगड. ज्याला बाहेर माणूस म्हणून उभं राहू दिलं नाही, तो उंबऱ्याच्या आत आला की पाटील व्हायचा. दिवसभराचा अपमान रात्री बायकोच्या पाठीवर उतरायचा. हे कारण झालं. सबब नाही. कारण तोच अपमान बायकोनंही दिवसभर सोसलेला असायचा, वर रात्रीचा मार.

मग पलटणीचा इतिहास. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई आणि तिथला स्तंभ तुम्हाला सांगायला नको. १८९० नंतर इंग्रजांनी 'लढाऊ जाती' नावाचं खूळ डोक्यात घेतलं आणि महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली सरकारकडं अर्ज केला तो यासाठीच. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची १११ वी पलटण उभी केली, गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट झाली ती १९४१ च्या ऑक्टोबरात. म्हणजे पन्नास वर्षं आमच्या आज्या-पणज्यांना सरकारच्या दारात उभं राहून सांगावं लागलं की साहेब, आम्ही पण मर्द आहोत. असा दाखला मागायची पाळी आली की माणूस तलवारीचंच बोलतो. आपली पोवाड्याची भाषा तिथून आली. मी तिला नावं ठेवत नाही. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब स्वतः कोरेगावला गेले होते.

पण पलटणीनं दिलेली दुसरी वस्तू आपण विसरलो. पाटी. कंपनी सरकारच्या लष्करात शिपायांच्या मुलांना शाळा सक्तीची होती आणि मुलींनाही होती, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. सुभेदार रामजी लष्करी शाळेचे हेडमास्तर होते, चौदा वर्षं. सुभेदाराचं चित्र काढताना आपण कमरेला तलवार काढतो. हातात खडू कुणी काढत नाही.

आता महाड. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक मांडवात परतले, कुणी जेवत होते, कुणी गावी निघाले होते. तेवढ्यात आवई उठवली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. सवर्णांचा जमाव लाठ्या घेऊन मांडवात घुसला. अन्न मातीत गेलं. बाया, पोरं, म्हातारी, सगळ्यांना मार बसला. त्या परिषदेत पेन्शनीत निघालेले फौजी होते, पहिल्या महायुद्धात बंदूक चालवलेले. डाक बंगल्यावर जमलेली पोरं नुसत्या एका शब्दाची वाट बघत होती. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. परत फिरवलं. दावा कोर्टात लढवला आणि त्या जूनमध्ये पाचजणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

हा प्रसंग आपण पोरांना नेहमी घाईघाईनं सांगतो, कारण त्यात मारामारी नाही. मला वाटतं तिथंच थांबून सांगावा. हात शिवशिवत होते, हातात ताकद होती, डोळ्यांदेखत आया-बहिणींना मारलेलं होतं. तरी त्या फौजी माणसांनी हात आवरला. भित्रे म्हणून नाही. हुकूम पाळायची शिस्त होती आणि लढाई कशासाठी आहे हे ठाऊक होतं म्हणून. दलाची पायाभरणी त्याच १९२७ च्या धामधुमीतली. दलाचा पहिला धडा कुणी विचारला तर मी हा सांगेन.

त्याच वर्षी डिसेंबरात मनुस्मृती जळाली. दोन दिवसांनी, २७ तारखेला, बाबासाहेब महाडला बायांशी बोलले. अंगावरचे ते कथलाचे-चांदीचे जडजड दागिने टाका, लुगडं नीट नेसा, फाटकं असलं तरी स्वच्छ ठेवा, पोरींना शाळेत घाला, हे सगळ्यांना पाठ आहे. एक वाक्य मात्र भाषणात क्वचित येतं. नवरा असो नाहीतर पोटचा पोरगा, दारू पिऊन घरी आला तर त्याला जेवायला वाढू नका. बघा, पळी कुणाच्या हातात दिली ती! घरच्या पुरुषाला शिक्षा करायचा अधिकार बाईला दिला. हे भाषण ऐकून किती घरांत त्या रात्री ताट वाढलं गेलं नसेल, कल्पना करा.

आणि आपण काय करतो? मोर्चा नेतो, अधिकारी भेटत नाही, मग त्याच्या टेबलावर बांगड्या ठेवतो. बांगड्या भरा म्हणतो. पुण्याच्या १९४६ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या बायांच्या हातात काय होतं? १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात कडेवर पोर घेऊन तुरुंग भरला त्यांच्या हातात? बांगडी ही भित्रेपणाची खूण आहे हे आपल्याला कुणी शिकवलं, मनूनं की बाबासाहेबांनी?

एक प्रकरण आपल्या व्याख्यानांत जवळपास येतच नाही. र. धों. कर्व्यांचं. हा माणूस मुंबईत १९२१ पासून संततिनियमनाचं केंद्र चालवायचा आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक. पदराला खार लावून. वाचक त्यांना खाजगी प्रश्न विचारायचे, शरीराचे, हस्तमैथुनाचे, नवरा-बायकोच्या संबंधांचे, आणि कर्वे उत्तरं द्यायचे. तरुण पोरांना कुणी काही सांगत नव्हतं, त्या काळात. (आता सांगतात असं नाही. आता मोबाईल सांगतो आणि तो काय सांगतो ते तुम्हाला माहीत आहे.) त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही, लोक प्रश्न विचारतात तर त्यांना उत्तर मिळालं पाहिजे, असा त्यांचा मुद्दा. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

गोलमेज परिषदा, पुणे करार हे सगळं नुकतंच झालेलं, धर्मांतराची घोषणा वर्षावर आलेली. अशा वेळी या माणसानं हा खटला का घ्यावा? याचं उत्तर १९३८ च्या नोव्हेंबरात सापडतं. १० तारखेला मुंबईच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहमांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. त्यात एक मुद्दा असा आहे की बाळंतकळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त पोर कुणा पुरुषानं होऊ दिलं नसतं. ठराव पडला. सभागृहात बसले होते बहुतेक पुरुषच. पण मुद्दा बघा. पोरं किती हे ठरवणारा पुरुष आणि सोसणारी बाई, ही व्यवस्था त्यांनी जातीच्या व्यवस्थेसारखीच उघडी केली. एक काम करतो, दुसरा भोगतो. ही ओळ आपल्याला ओळखीची नाही का?

पुढचं थोडक्यात सांगतो. १९५१ त मंत्रिपद सोडलं त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत व्यभिचार न करण्याची एक आणि दारू न पिण्याची एक आहे. या दोन प्रतिज्ञा सगळ्यांसाठी होत्या, पण त्यांचा भार पडायचा होता घरातल्या बाप्यावर. १९५७ त 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ निघाला, त्यात सिगालाला केलेला उपदेश आहे. नवऱ्यानं बायकोला मान द्यायचा, हिणवायचं नाही, बाहेर जायचं नाही, घरचा कारभार तिच्या हाती सोपवायचा, तिला लागेल ते आणून द्यायचं. आपल्याकडं बौद्ध पद्धतीचं लग्न लागतं तेव्हा नवरदेवाकडून हे वदवून घेतात. वाजंत्रीच्या गडबडीत तो होय-होय म्हणतो.

१९७२ त पँथर आली. तिच्या जाहीरनाम्यानं १९७३ साली 'दलित' शब्दाच्या व्याख्येत स्त्रियांनाही घेतलं होतं. कागदावर. छावणीत पुढं कोण होतं, भाषण कोण करत होतं आणि रात्री बारा वाजता आलेल्या दहा कार्यकर्त्यांना भाकरी कोण थापत होतं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा. विचारायलाही नको, बायांनी लिहूनच ठेवलंय. मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ त आलं. बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' १९८६ त. महारवाड्यातल्या पळून गेलेल्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा घालायचे, संशयावरून नाक कापायचे, हे त्या पुस्तकात आहे. बेबीताईंनी ते लिखाण वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं होतं. स्वतःचा मार त्यांनी पुस्तकात लिहिला नाही, पुढं मुलाखतीत सांगितला. पुस्तकात का नाही तर हे सगळ्या बायांचंच होतं, माझ्या एकटीचं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. १९८९ त उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून चळवळीतल्या बायांना हुडकून काढलं. पुरुषांनी लिहिलेल्या इतिहासात त्यांची नावंच नव्हती. तेव्हा आपल्याकडच्या काही पुढाऱ्यांचं मत होतं की घरातली धुणी चव्हाट्यावर धुऊ नयेत, सवर्ण हसतील. सवर्ण आपल्याला हसायला पुस्तकाची वाट बघतात काय?

हे सगळं वाचून मनात एकच प्रश्न राहतो. बायांनी सभा घेतल्या, ठराव केले, पुस्तकं लिहिली. पोरांशी बोलायला कोण बसलं?

थोडे बसले. १९९१ त मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात एका पत्रकारानं जाहिरात दिली : बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवेत. २०५ जणांनी उत्तरं पाठवली. त्यातून १९९३ त 'मावा' ही संघटना झाली, म्हणजे स्त्रियांवरच्या अत्याचाराविरुद्ध उभे राहिलेले पुरुष. १९९६ पासून 'पुरुष स्पंदन' नावाचं त्यांचं मराठी वार्षिक निघू लागलं. २००६ पासून पुणे जिल्ह्यातल्या कॉलेजांतून पोरं निवडून, शिबिरात तयार करून, तीच इतर पोरांशी बोलतील अशी पद्धत त्यांनी बसवली. पगार नाही, फुकटचं काम.

आपल्या जास्त जवळचं काम 'कोरो'चं. १९८९ त चेंबूर भागात साक्षरतेसाठी निघालेली संस्था, वस्त्या बहुतेक आपल्याच. २००० नंतर त्यांनी 'यारी-दोस्ती' नावाचं काम केलं. मूळ साहित्य ब्राझीलमधल्या रिओ शहराच्या झोपडपट्ट्यांतलं, तिथल्या पोरांसाठी तयार केलेलं. ते इथल्या पोरांनीच इथल्या बोलीत बसवलं. वस्तीतल्याच पोरांना तयार केलं आणि त्यांनी नाक्यावरच्या दोस्तांना गोळा केलं. नाटकं केली, खेळ घेतले. बायकोला-मैत्रिणीला मारणं कमी झालं असं पोरांनी नंतर स्वतः सांगितल्याचं त्या कामाच्या अहवालात आहे. स्वतः सांगितलेलं म्हणजे थोडं मीठ लावूनच घ्यायचं. पण सांगावंसं वाटलं हेही कमी नाही.

त्यांची घोषणा होती 'सोच सही, मर्द वही'. घोषणा म्हणून चांगली. मला मात्र ती खटकते. खरा मर्द, खोटा मर्द, हा दाखल्याचाच धंदा झाला पुन्हा. वलंगकरबाबांना सरकारकडून दाखला मागावा लागला, आपण एकमेकांकडं का मागायचा? आपली लढाई माणूस या शब्दासाठी होती.

दुसरी एक अडचण आहे. बाहेरून येणारी माणसं पुष्कळदा वस्तीतल्या पोराकडं असं बघतात की सगळी मारहाण इथंच आहे, बंगल्यात नाही. वर या पोराच्या डोक्यावर दुसरी तलवार. खैरलांजीत २००६ साली बायांवर अत्याचार करून अख्खं घर संपवणारे कोण होते? त्यांची मर्दानगी तपासायला शिबिर कुणी घेतलं? खर्ड्याला २०१४ साली सवर्ण मुलीशी बोलला या संशयावरून आपलं अकरावी-बारावीच्या वयाचं पोरगं मारून टाकलं आणि २०१७ त आरोपी सुटले. हा पोरगा एकाच वेळी घाबरलेला असतो आणि घरात बहिणीवर डोळे वटारत असतो. त्याला बाहेरचा माणूस अर्धाच ओळखणार. म्हणून हे काम आपल्या कार्यकर्त्यांनी करायचं. स्वयंसेवक हा शब्द दुसऱ्यांनी पळवला, हरकत नाही, आपला शब्द सैनिक आहे.

आमच्या वस्तीत चौघांनी मिळून सुरुवात केलीय ती सांगतो, कुणाला उपयोगी पडली तर बघा. रविवारी विहारात वंदना झाली की पोरांना थांबवायचं. भाषण नाही. कर्व्यांची युक्ती घेतली, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला भोक पाडलं, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. हसायचं नाही, चिठ्ठी कुणाची ते विचारायचं नाही. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणायचं आणि पुढच्या खेपेला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून यायचं. चहा पोरांनीच करायचा, कप पोरांनीच धुवायचे. यावरून पहिल्या दिवशी अर्धा तास वाद झाला, तोच खरा वर्ग झाला म्हणा. एक म्हणाला, विहारात पोरी असताना आम्ही कप धुवायचे?

पहिल्या महिन्यात चिठ्ठ्या सगळ्या अंगाच्याच होत्या. कमजोरी, स्वप्नदोष, जिममधली पावडर. आम्ही उत्तरं देत राहिलो. पाचव्या रविवारी डब्यात एक चिठ्ठी निघाली, वहीच्या अर्ध्या पानावर, पेन्सिलीनं : बाप आईला मारतो तेव्हा मी नाक्यावर जाऊन बसतो, मी काय करू. वाचल्यावर कुणी बोलेना. मग एकजण म्हणाला, आपल्याकडं पण. मग आणखी एक. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसलो. चिठ्ठीचं उत्तर अजून पुरतं झालेलं नाही. पोरांनी एवढं ठरवलंय की ज्याच्या घरी आवाज चढेल त्यानं नाक्यावर न जाता दोघा-तिघांना हाक मारायची आणि सगळ्यांनी मिळून दारात जाऊन उभं राहायचं, बापाच्या अंगावर हात टाकायचा नाही, पण हलायचं नाही. आतापर्यंत दोनदा हाक आली. दोन्ही वेळा पोरं गेली.